कोर्टाच्या कागदांवर पारखलेला ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश

इंग्रजी–मराठी कोश कुठलाही उघडा, ‘ऑब्जेक्शन’ म्हणजे हरकत, आक्षेप, असं सापडतं. ‘रिफ्यूजल’ म्हणजे नकार. दोन्ही बरोबर. पण माझ्यासमोरच्या कागदावर नुसती हरकत किंवा नुसता नकार कधीच नसतो. तिथं ‘ताबा देण्यास हरकत नाही’ असं असतं, नाहीतर ‘ताबा देण्यास नकार दिला’ असं. मराठीत दोन्हीकडे ‘देण्यास’. इंग्रजीत पहिल्याचं ‘नो ऑब्जेक्शन टू गिव्हिंग पझेशन’ होतं आणि दुसऱ्याचं ‘रिफ्यूजल टू गिव्ह पझेशन’. दोन्हीकडे ‘टू’ आहे, तरी एकापुढे ‘गिव्हिंग’ येतं आणि दुसऱ्यापुढे ‘गिव्ह’. हे जो कोश सांगत नाही त्याचा मला निम्माच उपयोग. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी हे सांगते, अशा नामांखाली, ठळक अक्षरात. म्हणून हा अभिप्राय लिहायला घेतला.

मी कोल्हापुरात मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करते. जबाब, पंचनामे, फेरफार, कैफियती, खालच्या कोर्टातल्या साक्षी, पतसंस्थांचे ठराव असं काय काय येतं. खालच्या कोर्टात मराठी चालते. उच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या कलम 348 प्रमाणे इंग्रजीत. त्यामुळे अपिलात जाणाऱ्या प्रकरणाबरोबर मराठी कागदांचा गठ्ठा इंग्रजी होऊन जावा लागतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात बसायला लागलं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामंही आता इकडे येतात. नवी मुलं-मुली या कामात शिरली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, ताई, कोश कुठला घ्यायचा? हे मुख्यतः त्यांच्यासाठी. पण मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत अर्ज, ईमेल, अहवाल लिहावे लागणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोश पारखताना मी अर्थ बघत नाही. अर्थ सगळेच देतात. मी बघते की नामाच्या पुढे काय यायला हवं ते कोश सांगतो का. कारण मराठी माणसाचं इंग्रजी अडतं ते बहुतेक वेळा याच सांध्यावर, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘-ण्याचा, -ण्याची, -ण्याचं’ हा एकच प्रत्यय सगळीकडे चालतो. पिण्याची सवय, बांधण्याची परवानगी, सोडण्याचं कारण, विकण्याचा निर्णय, पळून जाण्याची शक्यता. ऐकायला सगळी एका साच्यातली. इंग्रजीत मात्र प्रत्येक नामाची वाट वेगळी. सवय ‘ऑफ ड्रिंकिंग’ घेते. परवानगी ‘टू बिल्ड’ घेते, तिथं ‘ऑफ बिल्डिंग’ चालत नाही. कारणाला ‘फॉर लीव्हिंग’ लागतं. निर्णयाला ‘टू सेल’. शक्यतेला ‘ऑफ’ आणि पुढे ‘-इंग’. तिथं ‘टू’ लावला की वाचणाऱ्याला लगेच खटकतं. यात तर्क लढवून उपयोग नाही. ‘परमिशन’ला ‘टू’ का आणि ‘हॅबिट’ला ‘ऑफ’ का, याचं उत्तर शोधण्यापेक्षा नाम आणि त्याचा जोडीदार एकत्र पाठ करणं जास्त फायद्याचं. मग तो जोडीदार दाखवणारा कोश हाताशी हवा.

माझ्या टेबलावर या कोशाची आठवी आवृत्ती आहे, 2010 ची. पुण्याला अप्पा बळवंत चौकात घेतलेली पेपरबॅक. तिच्यातली एखादी नोंद कशी असते ते सांगते. ‘ऑब्जेक्शन’ काढा. आधी नाम गणनीय आहे की नाही हे कंसात. मग एक नागमोडी रेघ, म्हणजे तो शब्दच पुन्हा, आणि तिच्यापुढे ‘टू समथिंग’, मग ‘टू डूइंग समथिंग’, मग ‘दॅट’ लावून येणारं वाक्य. ‘समथिंग’ची तीन अक्षरांची आखूड खूण एकदा ओळखीची झाली की डोळा थेट तिथं जातो. पाठोपाठ उदाहरणं. आता ‘रिफ्यूजल’ काढा. तिथं ‘टू डू समथिंग’. बस, काम झालं. आणि जरा थांबून पाहिलं तर कोश आणखी एक गोष्ट न बोलता शिकवतो. ‘ऑब्जेक्शन’खाली ‘टू समथिंग’ आणि ‘टू डूइंग समथिंग’ शेजारी शेजारी आहेत. म्हणजे ज्या ‘टू’पुढे साधं नाम बसतं, त्याच ‘टू’पुढे ‘-इंग’ बसतं. ‘ऑब्जेक्शन टू द सेल’ (इथं ‘सेल’ म्हणजे विक्री, नाम) चालतं, म्हणून ‘ऑब्जेक्शन टू सेलिंग’ चालतं. ‘रिफ्यूजल टू द सेल’ चालत नाही, म्हणून तिथं विकणे या क्रियापदाचं ‘टू सेल’. ‘अल्टरनेटिव्ह’, ‘ऑपोझिशन’, ‘अप्रोच’ ही सगळी ‘ऑब्जेक्शन’च्या पंगतीतली. ‘इनॅबिलिटी’, ‘विलिंगनेस’, ‘फेल्युअर’ ही ‘रिफ्यूजल’च्या. शंका आली की मी पुढे एक साधं नाम ठेवून बघते आणि मगच कोशाकडे वळते, खात्री करून घ्यायला.

‘ना हरकत’ हा आपल्याकडे रोजचा कागद. सोसायटीचा, ग्रामपंचायतीचा, भावाभावांतला. ‘सदर मिळकत विकण्यास आमची हरकत नाही’ या वाक्याचं ‘वी हॅव नो ऑब्जेक्शन टू सेल’ असं भाषांतर मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तेच बरोबर आहे असं अनेकांना वाटतं. यात गंमत अशी की क्रियापदाऐवजी विक्री या अर्थाचं, वेगळ्या स्पेलिंगचं ‘सेल’ हे नाम घेतलं, मधे ‘द’ घातला, तर वाक्य सुधारतं. क्रियापद म्हणून घ्यायचं तर ‘सेलिंग’च हवं. हा फरक कोशाच्या एका ओळीत दिसतो.

‘-ण्यात’चा प्रत्यय मात्र आपल्याला बरीच साथ देतो, आणि हे कुणी शाळेत सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मराठीचा ‘-त’ आणि इंग्रजीचा ‘इन’ पुष्कळदा बरोबर जुळतात. करण्यात रस: ‘इंटरेस्ट इन डूइंग’. मिळवण्यात अडचण: ‘डिफिकल्टी इन ऑब्टेनिंग’. दाखल करण्यात झालेला विलंब: ‘डिले इन फाइलिंग’. सिद्ध करण्यात यश: ‘सक्सेस इन प्रूव्हिंग’. इथं घरचा कान भरवशाचा. आणि अगदी त्याच ठिकाणी घोडं पेंड खातं. ‘सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करण्यात अपयश आलं’, हे वाक्य निर्दोष मुक्ततेच्या निकालात हमखास असतं. यशाला ‘इन प्रूव्हिंग’ लागलं, म्हणून अपयशालाही तेच लागेल असं वाटतं. लागत नाही. ते ‘फेल्युअर टू प्रूव्ह’ असतं. ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ या दोन नोंदी मी नव्या लोकांना शेजारी ठेवून वाचायला लावते. अर्थानं विरुद्ध, वापरानंही वेगळ्या वाटेच्या. एवढं एक उदाहरण डोक्यात बसलं की नाम दिसल्यावर आधी कोश उघडायची सवय लागते.

‘डिफिकल्टी’च्या नोंदीत ‘इन’ कंसात टाकलेला आहे. म्हणजे ‘डिफिकल्टी इन ब्रीदिंग’ही चालतं आणि ‘डिफिकल्टी ब्रीदिंग’ही. किती छोटासा कंस, पण तो किती सांगून जातो! बोलताना ‘इन’ गळतो. माझ्या कामात मी तो ठेवते, प्रतिज्ञापत्रात तो असलेला बरा. ‘ट्रबल’ मात्र ‘आय हॅड ट्रबल फाइंडिंग द हाउस’ असं बिनमध्यस्थाचंच बरं वाटतं.

हा कोश असा का आहे, ते त्याच्या जन्मात आहे. ए. एस. हॉर्नबी 1924 साली इंग्लंडहून जपानला इंग्रजी शिकवायला गेले. तिथं इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ हॅरॉल्ड पामर यांच्याबरोबर काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की इंग्रजांसाठी केलेले कोश जपानी मुलांच्या उपयोगाचे नाहीत. इंग्रज माणसाला ‘रिफ्यूजल’पुढे काय येतं हे सांगावं लागत नाही, त्याला फार तर अवघड शब्दाचा अर्थ हवा असतो. शिकणाऱ्याला उलट सोप्या शब्दाचाच वापर हवा असतो. गेटनबी आणि वेकफील्ड या दोघांना बरोबर घेऊन त्यांनी केलेला कोश 1942 साली टोकियोत, ऐन युद्धात, कैताकुशा या प्रकाशनानं छापला. नावातच ‘इडिओमॅटिक अँड सिंटॅक्टिक’ होतं. अर्थाइतकीच रचना महत्त्वाची, असं पुठ्ठ्यावरच सांगून टाकलेलं. 1948 मध्ये ऑक्सफर्डनं तो घेतला आणि तिथून आजवर आवृत्त्या निघत आल्या. दहावी 2020 ची. हॉर्नबींचा मुख्य भर क्रियापदांच्या साच्यांवर होता, पण 1954 च्या त्यांच्या वापरमार्गदर्शिकेत नामांचे आणि विशेषणांचे साचेही होते. टोकियोतल्या विद्यार्थ्याची अडचण आणि कागलच्या किंवा गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याची अडचण एकच, म्हणून हा कोश आपल्याला इतका जवळचा वाटतो.

आता कोर्टाच्या भाषेत तो कुठवर पुरतो ते बघू. मुदत कायदा 1963, कलम 5. विलंब माफीचा अर्ज याच कलमाखाली होतो. कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘सफिशियंट कॉझ फॉर नॉट प्रिफरिंग द अपील’ असे शब्द आहेत. ‘अपील दाखल न करण्यास पुरेसं कारण’. नाम, मग ‘फॉर’, मग ‘नॉट’, मग ‘-इंग’. नकार ‘-इंग’च्या आधी बसतो, मराठीतल्या ‘न करण्यास’मधल्या ‘न’सारखाच. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत इथं हटकून ‘कॉझ टू नॉट फाइल’ असं काहीतरी असतं. मूळ कलम डोळ्यांसमोर ठेवलं तर प्रश्नच येत नाही. याच अर्जाचं नाव ‘कंडोनेशन ऑफ डिले इन फाइलिंग द अपील’: एका ओळीत नाम, ‘ऑफ’, दुसरं नाम, ‘इन’, ‘-इंग’. अशी साखळी बांधताना एकेका नामापुरतं कोशात बघायचं आणि मग कडी कडीला जोडायची.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या आहे, जुन्या दंड संहितेचं कलम 299. तिथं ‘विथ द इन्टेन्शन ऑफ कॉझिंग डेथ’ आहे. गुन्हेगारी अतिक्रमणाच्या कलम 329 मध्ये, म्हणजे जुन्या 441 मध्ये, ‘विथ इन्टेन्ट टू कमिट ॲन ऑफेन्स’ आहे. मराठीत दोन्हीकडे ‘उद्देशानं’. एका तरुण वकिलानं मला विचारलं,

“ताई, ‘इन्टेन्शन टू कॉझ डेथ’ लिहिलं तर चूक आहे का? कोशात ‘इन्टेन्शन’पुढे ‘टू डू’ पण दिलंय.”

“कोश बरोबर आहे,” मी म्हटलं, “पण तुम्ही कलमातले शब्द सांगताय. साक्षीदार काय म्हणाला ते लिहिताना दोन्ही चालेल. कलम उतरवताना कलमासारखंच लिहायचं.”

कोशाची मर्यादा इथं आहे, आणि ती कबूल करूनच तो वापरायला हवा. तो आजची सर्वसाधारण इंग्रजी सांगतो. कायद्याची घट्ट झालेली रूपं त्यात शोधू नयेत. संविधानाच्या कलम 311 च्या दुसऱ्या खंडात सरकारी नोकराला ‘रीझनेबल ऑपॉर्च्युनिटी ऑफ बीइंग हर्ड’ मिळाली पाहिजे असं म्हटलंय. आज बोलताना, लिहिताना ‘ऑपॉर्च्युनिटी टू’ जास्त रुळलेलं आहे. कोशात ‘टू डू’, ‘फॉर डूइंग’, ‘ऑफ डूइंग’ ही तिन्ही आहेत. पण चौकशीच्या प्रकरणात ‘बाजू मांडण्याची वाजवी संधी’ याला संविधानातलीच शब्दरचना हवी. ती कुठून आणायची? मूळ कायद्यातून. कोश आणि कायद्याचं पुस्तक, दोन्ही उघडी ठेवून बसायचं.

‘चान्स’ या एका नोंदीसाठी तरी हा कोश घ्यावा असं मला वाटतं. ‘चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची शक्यता. ‘चान्स टू स्पीक’ म्हणजे बोलायची संधी. आपण मराठीत सरसकट ‘चान्स’ म्हणतो, त्यामुळे हा फरक सहज निसटतो. कोशात ही दोन रूपं वेगवेगळ्या अर्थांखाली, वेगळे आकडे घालून दिली आहेत. नुसता अव्यय बदलला आणि नामाचा अर्थच बदलला. उलटतपासाच्या भाषांतरात ‘त्याला पळून जायचा चान्स होता’ असं आलं की साक्षीदाराला काय म्हणायचंय ते आधी ठरवावं लागतं. शक्यता होती, की संधी होती? अव्यय निवडण्याआधी साक्ष नीट वाचायला लागते, आणि भाषांतर करणाऱ्याचं खरं काम तिथंच सुरू होतं.

जामिनाच्या कागदांत ‘पुराव्यात ढवळाढवळ करण्याची शक्यता’ नेहमीची. ‘पॉसिबिलिटी ऑफ टॅम्परिंग विथ द एव्हिडन्स’. ढवळाढवळ कोण करणार हेही सांगायचं असेल, तर ‘पॉसिबिलिटी ऑफ द अक्यूज्ड टॅम्परिंग’. कर्ता ‘ऑफ’ आणि ‘-इंग’च्या मधे जाऊन बसतो. जुन्या वळणाचे वकील तिथं षष्ठी मागतात, ‘अक्यूज्ड्स’ करायला लावतात. त्यांचंही खरं आहे; फाउलर यांनी 1926 च्या आपल्या वापरकोशात षष्ठी गाळलेल्या रचनेवर कडक टीका केली होती. आज दोन्ही चालतात. ‘ऑब्जेक्शन’खालच्या उदाहरणांत हा कोश साधं कर्मरूप, म्हणजे ‘हिम’सारखं, मधे ठेवून दाखवतो. मी ज्येष्ठ वकिलांकडे जाणाऱ्या कागदात, नाम छोटं असेल तर, षष्ठी ठेवते. लांबलचक नावापुढे षष्ठी लावली की वाक्य अडखळतं, तिथं सोडून देते.

आता कोशात काय नाही ते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तो अकारविल्हे आहे. शब्द माहीत असेल तर त्याचा जोडीदार सापडतो. पण ‘इन’ आणि ‘-इंग’ घेणारी नामं कोणकोणती, असा उलटा प्रश्न विचारायची सोय नाही. शिकणाऱ्याला तोच प्रश्न पडतो. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं, आणि ती जागा म्हणजे कोबिल्डचे ग्रामर पॅटर्न्स.

कोबिल्ड हा बर्मिंगहॅम विद्यापीठाचा आणि कॉलिन्सचा प्रकल्प, 1980 मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली सुरू झालेला. खऱ्याखुऱ्या मजकुरांचा प्रचंड साठा संगणकात घालून त्यावरून कोश करायचा, ही त्यांची रीत. पहिला कोश 1987 चा. पुढे गिल फ्रान्सिस, सुसान हन्स्टन आणि एलिझाबेथ मॅनिंग यांनी साच्यांची दोन पुस्तकं केली. क्रियापदांचं 1996 मध्ये, नामं आणि विशेषणांचं 1998 मध्ये. दुसरं पुस्तक आपल्या कामाचं. त्यात शब्दांची मांडणी साच्याप्रमाणे आहे. ‘इन’ घेणारी नामं एका प्रकरणात, ‘फॉर’ घेणारी दुसऱ्यात, आणि प्रत्येक प्रकरणात अर्थानुसार गट, गटाला एखाद्या ठळक शब्दाचं नाव. एका साच्याचे शब्द अर्थानंही एकमेकांच्या जवळ असतात, हे त्यांचं म्हणणं गट वाचताना पटत जातं. नामांची ही मांडणी आता कॉलिन्सच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. मी मराठी प्रत्ययांप्रमाणे वही घातली आहे: एका पानावर ‘-ण्यात’, एकावर ‘-ण्यास’, दोन-चार पानं ‘-ण्याची’ची. कोबिल्डच्या यादीतलं नाम उचलायचं, कोर्टाच्या कागदात ते मराठीत कसं येतं ते त्यापुढे लिहायचं. अशी वही ज्याची त्यानं करावी, कारण महसुली कामातले शब्द वेगळे, कौटुंबिक न्यायालयातले वेगळे.

बेन्सन पतिपत्नी आणि इल्सन यांच्या, 1986 साली पहिल्यांदा निघालेल्या बीबीआय या शब्दजोड्यांच्या कोशाचं नाव जाणकार फार आदरानं घेतात, आणि ते योग्यच आहे. ‘नाम अधिक अव्यय’ हा प्रकार त्यांनी स्वतंत्र क्रमांक देऊन मांडला. पण त्यांनी ‘ऑफ’ घेणारी नामं सहसा गाळली, ती इतकी जास्त आणि इतकी अपेक्षित आहेत म्हणून. इंग्रजी कानाला अपेक्षित असतील. आपल्याला तर नेमका ‘ऑफ’ कुठं नाही हेच कळत नसतं; ‘करण्याची’ म्हटलं की हात आपोआप ‘ऑफ’कडे जातो आणि ‘ॲबिलिटी ऑफ डूइंग’ लिहून मोकळा होतो. म्हणून मराठी माणसाला पहिला कोश म्हणून बीबीआय मी सांगणार नाही.

ऑक्सफर्डचाच कोलोकेशन्स कोश मात्र जोडीला असावा. नामाबरोबर कुठलं विशेषण, कुठलं क्रियापद जातं यासाठी त्याला तोड नाही. ‘विलंब’ आधी ‘इनॉर्डिनेट’ असतो की ‘अनड्यू’, अशा गोष्टींना तो कामी येतो. अव्ययांचा वेगळा कप्पाही त्यात आहे. पण अव्ययापुढे ‘-इंग’ येतं का, हे तो प्रत्येक वेळी साच्यानं सांगत बसत नाही. उदाहरणावरून ओळखावं लागतं. म्हणून पैसे एकाच कोशापुरते असतील तर आधी मोठा, म्हणजे ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश घ्या.

मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश मी रोज वापरते, पण तो मराठी समजून घेण्यासाठी. जुन्या दस्तातला एखादा शब्द अडला तर 1857 ची ती आवृत्ती अजून कामाला येते. इंग्रजी वाक्य बांधायला तिची मदत मागू नये, तिचं ते कामच नाही.

घ्यायचा कसा? नवीच आवृत्ती हवी असं काही नाही. ‘ऑब्जेक्शन टू डूइंग’ काही दर पाच वर्षांनी बदलत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सातवी, आठवी आवृत्ती चांगल्या स्थितीत मिळाली तर बिनधास्त घ्या. पानं पातळ आहेत, खूप वापरली की कडा मऊ पडतात, तेव्हा बांधणी तपासून घ्या. अक्षर बारीक आहे. चाळिशी लागलेल्यांनी दिव्याची सोय बघावी. नुसतं फोनवर भागवायचं असेल तर पूर्ण कोश ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि तिथं एक फायदा छापील प्रतीत नाही तो मिळतो. पुष्कळ नोंदींखाली कोलोकेशन्स कोशातला मजकूर घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की उघडतो. जादा उदाहरणांचीही तशीच घडी. एकाच जागी साचा, जोडीदार शब्द आणि वाक्यं.

तरी नव्यानं शिकणाऱ्यांना मी छापील प्रतच घ्यायला सांगते. फोनवर एक शब्द टाकला की तेवढाच दिसतो. छापील पानावर ‘इन्टेन्ट’ शोधताना ‘इन्टेन्शन’ नजरेखालून जातंच, दोघांच्या ठळक ओळी वरखाली असतात, आणि ‘इन्टेन्शन’ला ‘ऑफ’ही चालतो, ‘इन्टेन्ट’ला ‘टू’ लागतो, हा फरक न शोधता सापडतो. पेन्सिल घेऊन बसा. आपल्या कागदात आलेल्या प्रत्येक नामाच्या साच्याखाली बारीक रेघ मारा आणि समासात मराठी प्रत्यय लिहा. माझ्या प्रतीत ‘परमिशन’, ‘पॉसिबिलिटी’, ‘फेल्युअर’, ‘रीझन’ आणि ‘डिले’ या पानांच्या समासात आता जागा उरलेली नाही. सुरुवात या पाचांपासून केली तरी पहिल्या काही महिन्यांचं काम निभावेल.